वसईचे धर्मबंधु संत गोन्सालो गार्सिया

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त ही स्मरणिका निघत आहे. अशा पुस्तकात आजवर येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली, त्यांची छायाचित्रे, देवळाच्या पायाभरणीची हकीकत आणि महागुरुस्वामींचे आशीर्वादपत्र ही यावयाचीच, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी दूरदेशाहून येऊन वऱ्हाडच्या उन्हात आपले आयुष्य झिजविले त्यांची नावे आम्ही विसरलो, तर आमच्याइतके कृतघ्न आम्हीच. परंतु अशी नामावली वाचताना एक प्रश्न मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. धर्मगुरु बोलले आणि लोकांनी ऐकिले, हे खरे; पण परक्या देशातून आलेले ते धर्मगुरु प्रथम ज्याच्या मुखाने बोलले, ज्याने त्यांची अडखळती भाषा सावरून खेड्यातील माणसाच्या कानी उतरविली, तो मनुष्य ह्या नामावलीत कोठे असतो?

ह्या प्रश्नाचा विचार करिता करिता आम्हांस एका पुरुषाचे स्मरण झाले. तो धर्मगुरु नव्हता, मठाधिपति नव्हता, ग्रंथकारही नव्हता. तो आधी धर्मशिक्षक होता, मग व्यापारी झाला, आणि शेवटी फ्रान्सिस्कन संघातील साधा धर्मबंधु व दुभाष्या म्हणून मरण पावला. तरीही हिंदभूमीत जन्मलेल्या मनुष्यांपैकी ज्याला ख्रिस्तसभेने सर्वांत आधी संतपद दिले, तो हाच. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव आमच्या वाचकांच्या कानावरून गेलेले असेलच. त्यांचे चरित्र मात्र घाटावरच्या आणि घाटाखालच्या आमच्या खेड्यांत फारसे सांगितले जात नाही. ते येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम काळाची ओळख पटवून घेऊ. गोन्सालोंचा देहान्त १५९७ सालच्या फेब्रुवारीत झाला. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १५९६ मध्ये, चांदबिबीने अहमदनगर वाचविण्यासाठी वऱ्हाड प्रांत अकबराच्या हवाली केला होता, आणि आमचा हा मुलूख निजामशाहीतून मोगलाईत गेला होता. त्यानंतर एका वर्षाच्या आतच, १५९८ च्या जानेवारीत, आमच्याच जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला. पैठणास संत एकनाथ तेव्हा हयात होते. ते १५९९ मध्ये गेले. म्हणजे ज्या काळास आम्ही आपल्या इतिहासाची पहाट समजतो, त्याच काळी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मलेला एक पुरुष हजारो मैलांवर जपानच्या एका टेकडीवर ख्रिस्तासाठी प्राण देत होता. घाटावर मात्र ह्याची वार्ताही नव्हती.

वसई हे बंदर १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांस मिळाले. तेथे तटबंदीचे शहर वसले, देवळे व मठ उभे राहिले, आणि येशूसंघाच्या धर्मगुरूंनी पाठशाळा घातली. अशा ह्या वसईत सुमारे १५५७ साली गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता त्याच भूमीची. कोणी म्हणतात की बाप परका असल्यामुळे त्यांना हिंदी म्हणू नये. आम्हांस हा वाद व्यर्थ वाटतो. मूल ज्या मातेच्या कुशीत वाढले, ज्या वाडीतल्या विहिरीचे पाणी प्यायले, तेथले ते असते. आणि वसईच्या लोकांनी तर त्यांच्यावरील आपला हक्क कधीच सोडिला नाही.

पाठशाळेत फादर सेबास्तियन गोन्सालविस ह्या येशूसंघीय धर्मगुरूंची ह्या मुलावर विशेष मर्जी होती. ते १५७२ च्या सुमारास जपानास निघाले तेव्हा पंधरा वर्षांच्या गोन्सालोंना त्यांनी बरोबर घेतले. जपानात त्या वेळी ख्रिस्तधर्माचा प्रसार झपाट्याने होत होता. फ्रान्सिस झेवियर तेथे १५४९ मध्ये उतरले होते, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत क्यूशू बेटावर हजारो कुटुंबे स्नानसंस्कार घेऊन बसली होती. धर्मगुरु थोडे व भाषा दुर्घट, म्हणून सर्व काम धर्मशिक्षकांवर येऊन पडे. गोन्सालो कोवळ्या वयात गेले असल्यामुळे जपानी भाषा त्यांच्या जिभेवर घरच्यासारखी बसली. धर्मगुरूंबरोबर गावोगाव हिंडणे, प्रश्नोत्तरे शिकविणे, मुलांना प्रार्थना पाठ करून घेणे, असे काम त्यांनी आठ वर्षे केले.

येशूसंघात आपणास घ्यावे, ही त्यांची उत्कंठ इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आठ वर्षांच्या सेवेनंतरही संघाचे दार उघडले नाही.

संतचरित्रे लिहिणारे ह्या ठिकाणी दोन ओळींत पुढे सरकतात. आम्हांस येथे थांबणे भाग वाटते. त्या शतकातील हवा कशी होती हे सांगितल्यावाचून त्या नकाराचे वजन कळावयाचे नाही. येशूसंघाने पहिला हिंदी मनुष्य १५६१ साली आत घेतला. ते केरळातील कोल्लमचे पेद्रो लुइस. त्यांच्यानंतर फार काळ दुसरा कोणी घेतला गेला नाही. येथील रक्ताच्या माणसांविषयी त्या वेळच्या वरिष्ठांच्या मनात संशय होता, आणि मिश्र रक्ताच्या माणसांविषयीही त्यांचे मत फारसे निराळे नव्हते. हे आम्ही कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. ज्या संघाने झेवियर दिला, ज्याच्या पाठशाळेत गोन्सालो शिकले, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान उलटून टाकणे म्हणजे त्या धर्मशिक्षकाची परीक्षा किती कठीण होती हे झाकून ठेवणे होय.

येथे आम्हां बुलढाणेकरांस दुसऱ्या एका दाराची आठवण होते. देऊळगाव राजाजवळील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मग्राम, असे परंपरा सांगते. चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहिले. आत जाण्याचा अधिकार त्यांच्या जातीला नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थि आणून महाद्वाराच्या पायरीशी त्यांची समाधि केली, अशी कथा आहे. ते दार त्यांच्या लोकांना उघडावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले. आमच्यातील कित्येकांचे पूर्वज त्याच दाराबाहेर उभे असलेल्या लोकांपैकी होते, हे आम्ही विसरलेले नाही आणि विसरू इच्छीतही नाही.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम आणिला. नम्रतेवर प्रवचने पुष्कळ होतात, आणि त्यांत एक घोटाळा वारंवार होतो. ज्याला दाराबाहेर ठेविले त्याला सांगावयाचे की, बाबा, नम्र हो, बाहेरच बस, देव तुला तेथेच भेटेल. ही नम्रतेची शिकवण नव्हे. दार लावणाऱ्याने बाहेरच्या माणसाच्या नम्रतेचे श्रेय घेऊ नये. लादलेला कमीपणा निराळा आणि ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुताना स्वखुशीने पत्करिलेला कमीपणा निराळा. पहिला मनुष्याला वाकवितो. दुसऱ्यात मनुष्य स्वतः वाकतो, आणि जेव्हा पाहिजे तेव्हा ताठही उभा राहू शकतो. गोन्सालोंच्या पुढील आयुष्यात ही दुसऱ्या प्रकारची नम्रता दिसते, म्हणून ते आम्हांस जवळचे वाटतात.

नकार मिळाल्यावर ते काय झाले? रुसून धर्म सोडून बसले नाहीत, की दारात घुटमळतही राहिले नाहीत. ते मकाव बंदरात गेले आणि व्यापार करू लागले. जपानी भाषा येत असल्यामुळे त्या देशाशी देवघेव करणे त्यांस सोपे गेले, आणि त्यांचा जम चांगला बसला. मकाव, जपान, फिलिपाईन बेटे अशी त्यांची ये-जा सुरू झाली. हा व्यापाराचा काळ म्हणजे त्यांच्या भक्तीला लागलेली ओहोटी, असे कोणी समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ टाकावयास काहीच नाही, त्याने सर्वस्व टाकिले असे म्हणण्यात अर्थ नाही. गोन्सालोंजवळ आता पैसा होता, पत होती, चार बंदरांत ओळख होती.

मनिला शहरात त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी गाठ पडली. सुमारे १५८८ साली त्यांनी व्यापार मोडला आणि त्या संघात धर्मबंधु म्हणून ते दाखल झाले. धर्मबंधु म्हणजे काय, हे आमच्या तरुण वाचकांस सांगितले पाहिजे. धर्मबंधु मिस्सा अर्पीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. मठाचे दार राखणे, स्वयंपाक करणे, भिक्षा मागून आणणे, आजाऱ्यांची सेवा करणे, ही त्याची कामे. तीस वर्षांचा, कमावता, तीन-चार भाषा बोलणारा मनुष्य मठाच्या खालच्या पायरीवर आपण होऊन जाऊन बसला. ह्या वेळी त्यास कोणी बसविले नव्हते.

पुढे काय घडावयाचे होते ते त्याला ठाऊक नव्हते. जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी ह्याने फिलिपाईन बेटांच्या स्पॅनिश सुभेदाराकडे आपले वर्चस्व मान्य करण्याचा निरोप धाडिला होता. सुभेदाराने १५९३ साली फादर पेद्रो बाप्टिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस वकील करून पाठविले. पेद्रो बाप्टिस्ता विद्वान होते, विरक्त होते. पण त्यांना जपानी येत नव्हते. म्हणून मठाच्या खालच्या पायरीवरील त्या धर्मबंधूस बरोबर घेतले. क्यूशू बेटावरील नागोया किल्ल्यात, जेथून हिदेयोशी त्या वेळी कोरियावरील स्वारीची सूत्रे हालवीत होता, ही भेट झाली. वकिलाने जे म्हटले ते सर्वाधिकाऱ्याने गोन्सालोंच्या तोंडून ऐकिले, आणि त्या गर्विष्ठ पुरुषाने जी धमकी दिली ती वकिलांस गोन्सालोंच्या तोंडून कळली. एका चुकीच्या शब्दाने डोके उडावे असा तो दरबार. भेटीच्या अखेरीस हिदेयोशीने ह्या दरिद्री वेषातील संन्याशांस आपल्या राजधानीत, मियाको नगरात, म्हणजे आजच्या क्योटोत, राहण्याची परवानगी दिली.

दुभाष्याचे काम कसे असते पाहा. तो चांगला असेल तर कोणाच्या लक्षात राहत नाही. दोघे बोलले एवढेच लोक म्हणतात. तो चुकला तरच त्याचे नाव निघते. आपले शब्द बाजूला ठेवून रात्रंदिवस दुसऱ्याचे शब्द वाहणे, ह्याहून निःस्वार्थ काम आम्हांस तरी सुचत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने स्वतःस केवळ एक वाणी म्हणविले, त्यातले मर्म दुभाष्यास अधिक कळत असावे.

मियाकोत फ्रान्सिस्कनांनी १५९४ साली देवदूतांच्या राणीचे देऊळ बांधिले, आणि त्याच्या शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडिली. जपानात त्या काळी अशा रोग्यांस घरातून व गावातून हाकून देत. फ्रान्सिस्कनांनी त्यांस आत घेतले, त्यांच्या जखमा धुतल्या. राजवाड्यात दुभाष्या म्हणून उभा राहणारा मनुष्य त्याच दिवशी रुग्णालयात रोग्याचे म्हणणे ऐकून फादरांस सांगत असे, कारण रोग्याचीही भाषा फादरांस समजत नव्हती.

हे सर्व फार दिवस चालणार नव्हते. हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी धर्मगुरूंस निघून जाण्याचा हुकूम काढिला होता. तो कडकपणे अंमलात आला नव्हता, इतकेच. शिवाय जपानचे क्षेत्र पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८५ मध्ये येशूसंघासाठी राखून ठेविले होते, म्हणून फ्रान्सिस्कनांचे तेथे जाणे दोन संघांत वादाचे झाले होते. स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांची व्यापारी चुरस त्यात मिसळली. अशा स्थितीत १५९६ च्या ऑक्टोबरात मनिलाहून निघालेले सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. जहाजावरील एका अधिकाऱ्याने स्पेनच्या राजाचे सामर्थ्य वर्णन करताना असे काही सांगितले की, आधी मिशनरी येतात व मागून सैन्य येते, असा अर्थ हिदेयोशीपर्यंत पोचला. तो संतापला. आम्ही येथे हिदेयोशीच्या क्रौर्याचे समर्थन करीत नाही. पण ज्या भयाने तो पेटला ते भय तोफा घेऊन हिंडणाऱ्या राज्यांनीच निर्माण केले होते, आणि त्याची किंमत नि:शस्त्र माणसांनी भरिली, हे सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

डिसेंबर १५९६ मध्ये मठास पहारा बसला. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी मियाकोच्या चौकात चोवीस कैद्यांचा डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, आणि त्यांना गाड्यांत घालून शहरातून फिरविण्यात आले. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलदाराने तो सौम्य केला. नंतर भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे चालविले. महिनाभराची ती वाट. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे जण त्यांच्यातच धरिले गेले व संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते: चार स्पेनचे, एक मेक्सिकोचे फेलिपे, आणि एक आमचे वसईचे. तिघे येशूसंघाचे जपानी होते, आणि उरलेले सतराही जपानी संसारी ख्रिस्ती. ह्या सतरांत धर्मशिक्षक होते, रुग्णालयातील सेवक होते, मुलगेही होते. सर्वांत लहान लुइस इबाराकी बारा वर्षांचा होता. म्हणजे ह्या संतमालिकेतील बहुसंख्य माणसे अशी की ज्यांनी कधी वेदीवर मिस्सा अर्पिली नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. गोन्सालो पुढे गेले आणि एका क्रूसापाशी जाऊन, हा माझा का, असे त्यांनी विचारिले. तुझा नव्हे, असे उत्तर आले. त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेले. तेथे त्यांनी गुडघे टेकिले आणि त्याला मिठी मारिली, असे त्या दिवसाची हकीकत सांगते. ज्याने तरुणपणी एका दाराशी, हे माझे का, म्हणून विचारिले होते आणि नकार ऐकिला होता, त्याने चाळीसाव्या वर्षी हा प्रश्न पुनः विचारिला. लोखंडी कड्यांनी त्यांना क्रूसास जखडले, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून प्राण घेतले. त्याच रांगेत पॉल मिकी हे येशूसंघाचे जपानी बंधु क्रूसावरून लोकांस उपदेश करीत होते. दोन संघांतील वाद त्या टेकडीवर कोणाच्या ध्यानातही नव्हता.

पोप आठवे उर्बन ह्यांनी १६२७ साली ह्या सव्वीस जणांस धन्य म्हणून घोषित केले, आणि वसईत आनंदीआनंद झाला. पण १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले, किल्ल्यातील देवळे ओस पडली. आज आमचा कोणी वाचक मलकापुरास किंवा शेगावास आगगाडीत बसून मुंबईकडे गेला आणि वसईच्या किल्ल्यात शिरला, तर त्याला वडापिंपळांनी वेढलेल्या पडक्या भिंती व कमानी दिसतील. वसईचे ख्रिस्ती लोक मात्र मराठ्यांच्या राज्यातही आपल्या वाड्यांत, आपल्या बोलीत प्रार्थना म्हणत राहिले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी गोन्सालोंस त्यांच्या सोबत्यांसह संतपद दिले. मृत्यूनंतर २६५ वर्षांनी! त्या मानाने आमची प्रत्येक ज्युबिली कालची वाटावी. त्यांचा सण सोबत्यांसह ६ फेब्रुवारीस येतो.

संतपदाच्या ह्या घोषणेनंतर तीन वर्षांच्या आत नागासाकीत जे घडले ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. जपानात १६१४ साली ख्रिस्तधर्मावर बंदी आली, आणि १६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरु मारिला गेला. पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात एकही धर्मगुरु नव्हता. नंतर परदेशीयांस मर्यादित प्रवेश मिळाला, आणि फ्रान्सच्या मिशनरींनी नागासाकीच्या औरा भागात ह्या सव्वीस साक्षीदारांच्या नावाने देऊळ बांधिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी त्या देवळात आले आणि फादर पेतिझां ह्यांच्याजवळ हळूच म्हणाले की, आमचे व तुमचे अंतःकरण एकच आहे. मरियेची मूर्ति कोठे आहे, असे त्यांनी विचारिले. सात पिढ्या त्यांनी आपला धर्म गुप्तपणे राखिला होता!

तो कोणी राखिला? धर्मगुरु नसताना प्रत्येक वस्तीत तीन प्रकारचे सेवक असत. एक सणवारांचा हिशेब ठेवी व उपवासाचे दिवस सांगे, दुसरा मुलांना स्नानसंस्कार देई, आणि तिसरा हे सर्व निरोप घरोघर पोचवी. हे शेतकरी होते, कोळी होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याच स्मरणिकेत छापलेली नाहीत. जे काम गोन्सालो पंधराव्या वर्षापासून करू लागले होते, तेच हे, फक्त शिरावर धर्मगुरूंचा हात नसताना केलेले.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. आमचा जिल्हा आज अमरावती धर्मप्रांतात आहे. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून निराळा झाला. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा. त्याआधीपासून विदर्भातील मिशनचा भार ॲनेसीच्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावे चालणाऱ्या संघाने वाहिला. त्या संघाची पहिली तुकडी १८४५ साली हिंदुस्थानास निघाली. संत फ्रान्सिस द सेल्स गोन्सालोंहून दहा वर्षांनी लहान. नम्रता आणि सौम्यता हे ख्रिस्ताच्या क्रूसाच्या पायथ्याशी उगवणारे लहान सद्गुण होत, ही त्यांची शिकवण त्यांच्या संघाने आमच्याकडे आणिली. फ्रेंच मातृभाषा असलेले हे धर्मगुरु हिमाच्छादित डोंगरांतून उठून आमच्या काळ्या मातीत आले. त्यांना वऱ्हाडी बोली कोणी शिकविली? पराटीच्या शेतात, बैलगाडीच्या वाटेवर, मारुतीच्या पारापुढे त्यांचे बोलणे कोणी समजावून सांगितले?

त्यांना आमच्याकडे मास्तर म्हणत. शाळा चालविणारा तोच, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणणारा तोच, फादर महिन्यातून एकदा येत तेव्हा लोकांस गोळा करणारा तोच, आणि फादर येत नसत त्या रविवारी जपमाळ चालविणाराही तोच. पगार थोडा, मान त्याहून थोडा. गावात पाटील त्याला ख्रिस्ती म्हणून हिणवी, आणि मिशनच्या बंगल्यात तो बाहेरच्या ओट्यावर बसे. त्याच्या बायकोने किती बायांस प्रार्थना शिकविल्या ह्याची तर कोठे नोंदच नाही. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षकाचे पद ख्रिस्तसभेतील अधिकृत सेवापद म्हणून स्थापिले, तेव्हा आमच्या खेड्यांतील पुष्कळ मास्तर केव्हाच मातीआड झाले होते.

जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत संस्कार देणाऱ्या धर्मगुरूच्या सहीचा रकाना असतो, आणि त्याच्या शेजारी धर्मपित्याचा व धर्ममातेचा. ज्या घरी अशा वह्यांचे उतारे असतील, त्यांनी ते काढून पाहावेत. एकच धर्मपिता निरनिराळ्या घरांतील उताऱ्यांत पुनः पुनः आढळला, तर तो बहुधा त्या गावचा मास्तर असेल. त्याचे नाव, त्याचे गाव, त्याची बायको कोण, तो कोठे पुरला आहे, एवढे कागदावर लिहून धर्मग्रामाच्या कचेरीत आणून द्यावे. ही स्मरणिका छापून होईपर्यंत आलेली नावे धर्मगुरूंच्या नामावलीच्याच पानावर, त्याच टाइपात, घालण्याचे आम्ही ठरविले आहे.